राहतं घर

गोरक्ष उगलेची उंची पाच फूट आठ इंच होती आणि त्याच्या पलंगाची लांबी पाच फूट एक. यात सुताराची काही चूक नव्हती. पलंग मुद्दामच तेवढा करून घेतलेला होता, कारण पलंग लहान असला की खोली मोठी दिसते. सोफा तसाच, कपाट तसंच, आणि डायनिंग टेबल तर असं की तिथे बसलेला मोठा माणूस बालवाडीत पालक म्हणून आल्यासारखा दिसावा. सगळं घर पाऊण मापाचं. त्यात पूर्ण मापाचा ऐवज एकच, तो म्हणजे गोरक्ष, आणि त्याने पहिल्या आठवड्यातच त्या पलंगाचा नाद सोडला.

बरं, माणूस काही बावळट नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात तो माल तपासायला होता. केसाइतका फरक निघाला तरी पार्ट बाजूला काढायचा, मग मशीनवरचा कितीही जुना कारागीर असो. असा माणूस या घरात शिरला कसा, हे सांगायचं तर एका प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. हा प्रश्न मुलीकडची माणसं चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारायची, "नाशकात स्वतःचं घर आहे का?"

नव्हतं ना! तीन बहिणींची लग्नं उरकेपर्यंत गोरक्षची पस्तिशी उलटली आणि हाताशी राहिली ती सिडकोतली भाड्याची खोली. स्थळं यायची, पोहे व्हायचे, प्रश्न यायचा आणि पुढे निरोप यायचा नाही. सदतिसाव्या वर्षी त्याने ठरवलं, आधी घर, मग बाकीचं. खरं सांगायचं तर त्याला घराची हौस अशी नव्हतीच. कामावरून आल्यावर "आज उशीर झाला?" असं विचारणारं कोणीतरी हवं होतं, बस्. तेवढ्या एका वाक्यासाठी माणसाला कर्ज काढावं लागतं, असे ते दिवस होते. साल नव्याण्णव.

पाथर्डी फाट्याच्या पुढे तेव्हा टोमॅटोची शेतं होती आणि शेताशेतात बिल्डरांच्या पाट्या उगवत होत्या. त्यातलीच एक राजशेठच्या 'व्हेनिस पार्क'ची. अठरा रो-हाऊस. मागून जुना पाट जायचा म्हणून व्हेनिस. पाटाला पाणी नव्हतं, पण त्याला राजशेठ तरी काय करणार! गोरक्षने एक नंबरचं घर पसंत केलं, कर्जाचे कागद केले, आणि सगळं गोळा करूनही चाळीस हजार कमी पडले. तो बुकिंग रद्द करायला गेला तर राजशेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उगलेसाहेब, चाळीस हजार विसरा. वर्षभर तुमचं घर मला सॅम्पल हाऊस म्हणून द्या. इंटिरिअर माझं, लेटेस्ट. फक्त रविवारी पार्ट्या बघायला येतील."

"आणि मी कुठे राहू?"

"तिथंच! तीच तर आयडिया आहे. सॅम्पल घरं बघून लोक परत जातात, का? तर तिथे कोणी राहत नसतं. मला राहतं घर दाखवायचंय."

गोरक्षला हे इतकं सोयीचं वाटलं की त्याला तेव्हाच शंका यायला हवी होती. कारखान्यात अशी संधी आली असती तर त्याने आधी मापं घेतली असती.

मग कॉलेज रोडवरून एक डिझायनर मॅडम आल्या. त्यांनी हॉल आणि जेवायची जागा यांच्यामधली भिंत काढून तिथे कमान घातली. स्वयंपाकघराची तर भिंतच काढून टाकली, त्याला म्हणे ओपन किचन म्हणतात. छताला पीओपीची नक्षी आणि एका अख्ख्या भिंतीला आरसा, म्हणजे हॉल दुप्पट दिसतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर वाकड्या मानेचा पितळी नळ, ज्याच्यामागे पाइपच नव्हता. टीव्ही पुठ्ठ्याचा. फ्रीजचा नुसता सांगाडा. टेबलावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची फळं, आणि भिंतीवर फोटो: एक गोरा नवरा, गोरी बायको, दोन मुलं, सगळी मनापासून हसताहेत. पहिल्या महिन्यात गोरक्षला त्या लोकांचा राग यायचा. दुसऱ्या महिन्यात तो कामावरून आल्यावर त्यांना "काय, जेवलात का?" म्हणायला लागला.

दुसरं होतं कोण बोलायला? अठरा घरांत राहायला आलेला तो एकटा. राजशेठची घरं विकली जात होती, नाही असं नाही, पण घेणारे सगळे गुंतवणूकवाले. कुलूप लावायचे आणि भाव वाढायची वाट बघायचे. आई गावाहून, सिन्नरकडून आली होती, ती दोन दिवसांत परत निघाली. "आरं, देवळात बी येवढं शिवू नका, शिवू नका नसतं," म्हणाली. "मला हितं खोकायची बी भीती वाटती." उरली वॉचमनची बायको लंकाबाई. ती पत्र्याच्या खोलीतून दिवसभर सल्ले द्यायची.

"सायेब, आधी रेसन कारड काढा. कारडाबिगर मानूस मोजत नाय कोनी."

सल्ला चुकीचा नव्हता. गॅससाठी रेशनकार्ड लागत होतं. रेशनकार्डासाठी राहत असल्याचा पुरावा, पुरावा म्हणून लाइटबिल, आणि लाइटबिल राजशेठच्या नावावर. गोरक्षने चार वेळा रजा टाकली, तेव्हा कुठे निरीक्षक पाहणीला आले. त्यांनी बूट बाहेर काढले, पुठ्ठ्याच्या टीव्हीवर टिचकी मारली, फ्रीज उघडून आरपार पलीकडची भिंत बघितली, नळ सोडला. नळातून हवासुद्धा आली नाही.

"इथे राहतं कोण?"

"मी."

"झोपता कुठे?"

गोरक्षने पलंग दाखवला. निरीक्षकांनी पलंगाकडे पाहिलं, मग गोरक्षकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कागद काढला. 'समक्ष पाहणी केली असता सदर घरात कोणीही इसम राहत असल्याचे आढळून आले नाही.' खाली साक्षीदाराची सही लागते. आसपास दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांनी गोरक्षचीच घेतली.

माणसाने अपमान किती गिळावा याला काही सुमार आहे की नाही! स्वतः राहत नसल्याची साक्ष स्वतःच दिल्यावर गोरक्ष तासभर जिन्याच्या पायरीवर बसून होता.

गॅस नाही म्हणजे स्टोव्ह आला, आणि स्टोव्हच्या धुराने पीओपी काळं पडलं असतं तर राजशेठने करार मोडला असता. तेव्हा गोरक्षने बिऱ्हाड मागे हलवलं. मागे चार बाय सातची एक जागा होती. राजशेठच्या रंगीत माहितीपत्रकात तिला 'युटिलिटी' म्हटलं होतं, लंकाबाई तिला मोरी म्हणायची. तिथे खरा नळ होता. तिथे त्याचा स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट, एक कप, वळकटी आणि रेडिओ. तेलाच्या डब्यात त्याने मेथी लावली होती. दिवाणखान्यात चोरासारखा वावरणारा हा माणूस त्या मोरीत मात्र मांडी घालून निवांत बसायचा, गाण्याबरोबर गुणगुणायचा. दोन भाकरी थापायच्या आणि दोन्ही आपणच खायच्या, एवढंच काय ते वाईट.

आणि रविवार! रविवारी बेल वाजायची. पार्ट्या यायच्या, कपाटं उघडायच्या, पोरं पलंगावर उड्या मारायची. राजशेठ ओळख करून द्यायचा, "हे उगलेसाहेब, इथेच राहतात. विचारा त्यांना." मग गोरक्षने म्हणायचं, "छान आहे. हवा खेळती आहे." या तमाशाची त्याला लाज वाटायची आणि तरी शुक्रवारपासूनच तो रविवारची वाट बघायचा. आठवड्यातून एकदा का होईना, त्या घरात माणसांचा आवाज व्हायचा.

श्रावणात त्याचा कारखान्यातला मित्र चंदर स्थळ घेऊन आला. दिंडोरीचे खंडेराव, तीस वर्षं द्राक्षबाग. मुलगी मनीषा, तेहतीस वर्षांची, तिथल्याच पतसंस्थेत कामाला.

"आत्तापर्यंत दोन स्थळं तिनेच नाकारलीत," चंदर म्हणाला. "पण गोरख्या, आता तुझ्याकडे घर आहे. असलं घर बघून कोण नाही म्हणेल? फक्त तुझी ती मोरी दाखवू नकोस."

रविवारी राजशेठने मेहरबानी करून दुपारपर्यंत पार्ट्या थांबवल्या. गोरक्षने तो हसरा फोटो उतरवून पलंगाखाली सारला. अकराला जीप आली. खंडेराव, त्यांची बहीण कुसाबाई आणि मनीषा. कुसाबाई आल्या आल्या आरशाकडे बघून म्हणाली, "अगं बया, पलीकडं आनखी येक हॉल हाय! त्यातली मान्सं बी आपल्यासारखीच दिसत्यात." खंडेराव चांगला आडवातिडवा गडी. ते पाऊण मापाच्या सोफ्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीशी आले, पण गडी खूश होता. "ही कमान झकास केलीय," म्हणाले. "ह्या घराला मान्लं आपन." चंदरने गोरक्षला कोपराने ढोसलं.

गोरक्ष पाणी आणायला मागे गेला. कळशीतून लोटा भरत होता तर पाठीमागून आवाज आला, "पुढच्या नळाला पाणी नाही का?"

मनीषा दारात उभी होती. तिने तो नळ सोडून बघितला असणार. आता ती मोरीकडे बघत होती, अगदी सावकाश. पातेलं, पालथा कप, वळकटीची घडी, मेथी.

"इथे तुम्ही राहता?" तिने विचारलं.

साधा प्रश्न. हो किंवा नाही. पण गोरक्षच्या कानात चंदर, राजशेठ, निरीक्षक सगळे एकदम बोलायला लागले. पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून लंकाबाई तांदूळ निवडत होती, तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "नाही नाही. ते वॉचमनचं सामान आहे."

लंकाबाईने मान वर केली, गोरक्षचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "व्हय, आमचंच हाय."

"असं होय," मनीषा म्हणाली आणि लोटा घेऊन आत गेली.

तेवढ्यात आतून खंडेरावांचा आवाज चढला. "आं? सरावनात द्राक्षं?" ते उठून टेबलापाशी गेले होते. "आमच्या बागा अजून छाटायच्यात आन् हितं माल तयार? मणी बघ कसा एकसारखा! देठ बी हिरवागार." त्यांनी घड उजेडात धरला, फिरवला, पारखला. गोरक्ष धावतच आत आला. "कोन्त्या बागेतला म्हनायचा?" असं म्हणत खंडेरावांनी एक मणी खुडला आणि तोंडात टाकला.

कडकन आवाज झाला. खंडेरावांनी दाढ धरली. मणी तळहातावर काढून ते त्याच्याकडे बघत राहिले. आणि कुसाबाई! ती हसायला लागली ती थांबेचना. "तीस वर्सं, दादा! तीस वर्सं द्राक्षात गेली की रं तुजी!" पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, शेवटी पायऱ्यांवर बसून हसली. पाचच मिनिटांत जीप निघून गेली. लाडूंचं ताट तसंच राहिलं.

पंधरा दिवसांनी नकार आला. कारखान्यात सगळ्यांचं एकमत झालं की घात द्राक्षांनी केला. "जाऊन माफी माग," चंदर म्हणाला. "रिकाम्या हातानं नका जाऊ, फळं न्या," लंकाबाई म्हणाली. एवढं झाल्यावर फळं न्यायची म्हणजे पंचाईतच. गोरक्षने दोन किलो सफरचंदं घेतली आणि घेताना प्रत्येक सफरचंदात नख खुपसून खात्री केली. फळवाल्याने शिव्या घातल्या. दिंडोरीच्या एसटीत ती सफरचंदं नखांच्या जागी काळी पडत गेली, आणि खंडेरावांच्या ओसरीवर पिशवी उघडली तेव्हा प्रत्येकाला एकेक डाग होता.

"ही खरी आहेत," गोरक्ष म्हणाला.

"दिसतंय," खंडेराव म्हणाले. मनीषा पतसंस्थेत गेली होती. निघताना मात्र खंडेराव जरा सैल झाले आणि म्हणाले, "तुमच्या त्या बिल्डरचा फोन नंबर हाय का?" गोरक्षला इतका आनंद झाला की त्याने नंबर दोन वेळा लिहून दिला. चौकशी करताहेत म्हणजे आशा आहे! परतीच्या गाडीत तो स्वतःशीच हसत होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी जीप पुन्हा व्हेनिस पार्कात आली. गोरक्ष तेव्हा मागे पातेलं घासत बसला होता. आवाज ओळखून तो तसाच उठला, राखेचे हात घेऊन. पण जीप त्याच्या दाराशी थांबली नाही. दोन नंबरच्या दाराशी थांबली. खंडेराव आणि राजशेठ टेप घेऊन आत शिरले आणि खंडेरावांचा आवाज पलीकडून स्पष्ट आला, "कमान तश्शीच पायजे बरं का, एक नंबरसारखी!"

मनीषा घराला वळसा घालून मागे आली. तिने त्याच्या हातातलं पातेलं बघितलं.

"म्हणजे हे तुमचंच होतं," ती म्हणाली.

आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. "हो."

"तरी मला वाटलंच होतं. वॉचमनच्या बाई 'आमचंच' म्हणाल्या, पण आधी तुमच्या तोंडाकडे बघून." तिने मेथीच्या डब्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मला बाकीचं घर काही आवडलं नव्हतं. एवढंच आवडलं होतं. म्हटलं, एकटा राहून ज्याने हे असं ठेवलंय तो माणूस बरा असणार. म्हणून तर मुद्दाम विचारलं."

"मला वाटलं, द्राक्षांमुळे..."

"अण्णा ते दोन दिवसांत विसरले. नकार मी दिला." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि गोरक्षला तो असता तर फार बरं वाटलं असतं. "माझं लग्न ठरलंय. डिसेंबरात. ते पंचायत समितीत आहेत. त्यांचं घर नाही, म्हणून अण्णा हे घेऊन देताहेत."

गोरक्षने पातेलं खाली ठेवलं, परत उचललं. "चांगलं आहे," तो म्हणाला. "हवा खेळती आहे."

ती हसली नाही. "येते," म्हणाली आणि गेली. आजवर किती भोगलं त्याने, पाऊण पलंग, निरीक्षक, दाढेखालचं द्राक्ष. पण हे सगळ्यांत जास्त लागलं, कारण यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द त्याच्याकडे होता.

"उगलेसाहेब!" पुढून राजशेठने हाक मारली. खंडेरावांचं बुकिंग झाल्याने तो फॉर्मात होता. "पार्टी आलीय, या!"

हॉलमध्ये एक जोडपं उभं होतं, सिन्नरहून आलेलं. नवरा साध्या चपलांतला, बायको सगळीकडे हात मागे बांधून बघणारी, कशाला धक्का लागू नये म्हणून.

"हे उगलेसाहेब, इथेच राहतात. विचारा त्यांना."

"राहायला कसं वाटतं हो?" बायकोने विचारलं.

गोरक्षने तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य काही येईना. "मला सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "मी इथे राहत नाही. मी मागे राहतो. या, दाखवतो."

राजशेठने आधी हसून बघितलं, मग डोळे वटारून बघितलं. पण गोरक्ष पुढे झाला होता आणि जोडपं त्याच्यामागे निघालंही होतं. मोरीच्या दारात बाई थबकली. तिने मेथीच्या डब्याकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदाच हात मोकळे सोडून वळकटीवर टेकली.

"एकटेच असता?"

"हो. एकटाच असतो." हेही त्याने मोठ्याने कधी म्हटलेलं नव्हतं. "बसा, चहा टाकतो."

आधण ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की कप एकच आहे. तो लंकाबाईच्या दाराशी गेला.

"दोन कप दे गं."

"कोन आलंय?"

"पाहुणे आलेत माझ्याकडे," गोरक्ष म्हणाला आणि एवढं म्हणता म्हणता त्याला भडभडून आलं. तो तिथेच दाराला धरून उभा राहिला. लंकाबाईने फळीवरचे कप काढले, पदराने पुसले आणि त्याच्या हातात दिले.